वर्गणीतून चौकातलं घड्याळ: पावतीपुस्तकापासून पहिल्या पावसाळ्यापर्यंत

चौकात घड्याळ हवं म्हटलं की नको म्हणणारा माणूस सापडत नाही. उद्घाटनाला अख्खा गाव लोटतो. तिसऱ्या वर्षी काटे सव्वाचारवर थांबतात आणि मग ते घड्याळ कोणाचंच नसतं. कारण बहुधा एकच असतं. पैसे घड्याळ आणायला जमवलेले असतात, चालवायला नाहीत. म्हणून इथे कोकणातल्या गावांसाठी हिशोब उलट्या बाजूने मांडला आहे: आधी दहा वर्षांच्या निगेची तजवीज, मग खांब, आणि घड्याळ सगळ्यात शेवटी.

एकच मोठा दाता मिळत असेल तर वर्गणीचा खटाटोप कशाला, असं कमिटीत कोणीतरी विचारणारच. मुंबईत दोन्ही तऱ्हा पाहायला मिळतात. राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला तो प्रेमचंद रायचंद या एका व्यापाऱ्याच्या पैशावर. फोर्टमधलं बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ मात्र लोकवर्गणीतून, १८८२ साली उभं राहिलं. लहान गावासाठी आमचं मत वर्गणीच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण भावनिक नाही. एका दात्याचं घड्याळ बंद पडलं तर लोक म्हणतात, ‘त्यांचं ते बघतील.’ पाचशे पावत्यांचं घड्याळ बंद पडलं तर दुसऱ्याच दिवशी मासळी बाजारात पाचशे जण जाब विचारतात. ही कटकट म्हणजेच घड्याळाची राखण.

आधी जागा, मग पैसे

जागा ठरल्याशिवाय एकही पावती फाडू नका. खांब कुठे, यावरून वाड्यावाड्यांत वाद होतो आणि तोपर्यंत पैसे आलेले असले तर ते परत मागितले जातात.

वेळ कोणाला लागते ते बघा. एसटी स्टँडवर थांबलेल्याला, शाळेकडे निघालेल्या पोरांना, लिलावाला जाणाऱ्या कोळणीला. तो रस्ता कुठून कुठे जातो, त्यावर जागा ठरते. देवळाच्या किंवा मशिदीच्या आवारापेक्षा तिठा बरा, कारण तो सगळ्यांचा असतो. आहे त्याच इमारतीवर, म्हणजे नगरपंचायत, बाजार किंवा वाचनालय यांच्या दर्शनी भिंतीवर दोन तोंडी घड्याळ बसत असेल तर खांबाचा आणि पायाचा खर्च वाचतो. चार तोंडांचा हट्ट बहुतेक वेळा फोटोसाठी असतो. मागच्या बाजूला डोंगर किंवा खाडी असेल तर तिकडचं तोंड कोण बघणार?

तबकडीच्या मापाचा जुना ठोकताळा असा: जमिनीपासून दर दहा फूट उंचीला एक फूट व्यास. तबकडीचा मध्य २५ फुटांवर येणार असेल तर किमान अडीच फूट, आणि तीन फूट केली तर म्हाताऱ्या डोळ्यांची सोय. पण ठोकताळ्यावर थांबू नका. प्लायवूडची तीन फुटी गोल तबकडी कापा, पांढरा रंग द्या, काळे काटे खिळ्यावर बसवा आणि बांबूला बांधून ठरलेल्या जागी ठरलेल्या उंचीवर उभी करा. मग स्टँडच्या बाकावरून, जेटीच्या रस्त्यावरून, शाळेच्या फाटकातून वेगवेगळ्या वयाच्या पाच-सात माणसांना वेळ वाचायला लावा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी पाचला एकदा. पश्चिमेकडची तबकडी संध्याकाळी काचेवरच्या चकाकीमुळे दिसेनाशी होते हे इथेच कळतं, आणि वर नऊ इंचांचा छज्जा घ्यायचा की नाही ते ठरतं. माडाची झावळी आज आड येत नसेल, पण माड वाढतो. माडाखाली तर जागा घेऊच नका, नारळ पडायला मुहूर्त लागत नाही.

आकडे कोणते, यावर तासभर चर्चा होईल. दुरून आकडे कोणीच वाचत नाही, काट्यांची दिशा वाचतात. देवनागरी आकडे घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त १ आणि ९ लांबून सारखे दिसतात, म्हणून ते ठळक आणि सुटसुटीत काढून घ्या. १२, ३, ६, ९ या जागी जाड पट्टे असले की पुरे. तबकडीवर दात्याचं नाव, सराफाची जाहिरात, पक्षाचं चिन्ह काहीही नको. हा नियम पहिल्या सभेतच लिहून ठेवा.

परवानगीचे कागद तीन ठिकाणी फिरतात. नगरपरिषद, नगरपंचायत किंवा ग्रामपंचायतीचा ठराव हवा, आणि त्यात जागा, उंची व वीजजोडणीचा स्पष्ट उल्लेख हवा. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र वेगळं घ्यावं लागतं. शिवाय भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत असाल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांचा, प्रश्न येतो. बंदरालगतच्या बहुतेक बाजारपेठा त्या पट्ट्यात मोडतात, तेव्हा अर्ज आधीच करा. आहे त्या इमारतीवर घड्याळ लावण्यात हा त्रास बराच कमी होतो, हाही भिंतीच्या बाजूने एक मुद्दा.

पैसे कोणाच्या नावावर

खजिनदाराच्या खासगी खात्यावर पैसे घेणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग. गावात नोंदणीकृत वाचनालय, शिक्षणसंस्था किंवा विश्वस्त संस्था असेल आणि तिच्या घटनेत सार्वजनिक उपयोगाचं काम बसत असेल, तर तिच्या नावाने स्वतंत्र खातं उघडा. देवस्थानचं खातं सहसा टाळा, त्यांचे उद्देश वेगळे असतात आणि पुढे हिशोब तपासताना अडचण येते. नोंदणी नसलेली कमिटी वर्गणी काढणार असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्या. गणेशोत्सव मंडळं घेतात तीच ही. ती ठरावीक मुदतीची असते, आणि दहा वर्षं घड्याळ सांभाळणाऱ्याला ती पुरणार नाही. म्हणून नोंदणीकृत संस्थेचा आधार शोधलेला बरा.

खात्यावर तीन सह्यांची नावं आणि त्यांपैकी कोणत्याही दोन सह्यांनी व्यवहार. यूपीआयचा क्यूआर संस्थेच्या खात्याचाच. कमिटीत प्रत्येक वाडीचा, मोहल्ल्याचा आणि कोळीवाड्याचा एकेक माणूस घ्या. मानकऱ्यांना सल्लागार म्हणून बसवा, पण चेकबुक त्यांच्याकडे नको.

पावतीपुस्तकाचे नियम कंटाळवाणे वाटतात, पण नंतरची भांडणं इथूनच निघतात. पुस्तकं ५० पानी, दुहेरी, छापील क्रमांकाची. कोणतं पुस्तक कोणाला दिलं याची वही. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही, दोन्ही प्रती ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवायच्या. गोळा झालेली रोकड तिसऱ्या दिवसाच्या आत बँकेत. त्या रोकडीतून परस्पर चहा-पाणी, रिक्षाभाडं काहीही नाही, खर्च लागला तर खात्यातून व्हाउचरने. दर पंधरवड्याला जमा-खर्चाचा एक कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर.

तीन कायदेशीर खाचखळगे ठाऊक असू द्या. आयकरातली सवलत (लोक तिला ‘८० जी’ म्हणूनच ओळखतात) फक्त मान्यताप्राप्त संस्थेच्या पावतीवर मिळते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, तेव्हा मोठी देणगी चेकने किंवा ऑनलाइन घ्या. दुसरं, आखातातली माणसं. कुवेत-दुबईला नोकरी करणारा भारतीय पासपोर्टधारक आपल्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण ज्या नातेवाइकाने ब्रिटन किंवा अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आहे, त्याच्या देणगीला परदेशी योगदान कायद्याची नोंदणी लागते. ती नसेल तर नम्रपणे नको म्हणा. तिसरं, ‘लकी ड्रॉ’. परवानगीशिवाय तिकिटं विकून सोडत काढणं गुन्हा ठरतो, कारण कितीही चांगलं असो. सत्यनारायणाच्या पूजेनंतरचा फळांचा लिलाव मात्र बिनधास्त करा.

आकडे

खाली दिलेलं अंदाजपत्रक हा नमुना आहे. रकमा तुमच्या दरपत्रकांवरून भरा, प्रमाण मात्र सांभाळा. समजा लक्ष्य आठ लाखांचं आहे:

- पाया, खांब, पेटी: २,५०,०००
- चार तबकड्या, यंत्रं, नियंत्रक: २,४०,०००
- वायरिंग, अर्थिंग, वीजरोधक (आभाळातल्या विजेसाठी), बॅटरी, सौर पॅनेल: ६०,०००
- वाहतूक, क्रेन, परांची: ३०,०००
- अडीनडीला: २०,०००
- निगा निधी: २,००,०००

शेवटच्या ओळीला कात्री लावायचा मोह होईल. खांब थोडा बारीक घ्या म्हणणार नाही कोणी, पण ‘निगेचं नंतर बघू’ म्हणणारे निम्मे असतील. दोन लाखांची मुदत ठेव साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १३,००० रुपये देते. त्यात वर्षाच्या दोन साफसफाया, वीजबिल आणि बॅटरीसाठी बाजूला टाकायची रक्कम बसवायची. मूळ रकमेला हात लावायचा तो फक्त सर्वसाधारण सभेच्या ठरावाने.

आता हे आठ लाख कसे येतात? ‘घरटी हजार’ अशी सरसकट पट्टी लावली की गरीब घर दुखावतं आणि बागायतदार स्वस्तात सुटतो. पायऱ्या लावा:

- १ देणगी १,००,०००
- ४ देणग्या ५०,०००
- १५ देणग्या १०,०००
- ५० देणग्या २,०००
- ५०० पावत्या ५००

बेरीज बरोबर आठ लाख. वरच्या वीस देणग्यांतून साडेचार लाख येतात, त्या आधी मिळवायच्या, गुपचूप, घरी जाऊन. त्यांतल्या निम्म्या पक्क्या झाल्याशिवाय जाहीर सभा घेऊ नका. शून्यापासून सुरू झालेल्या फलकाकडे लोक थोडं थांबूनच बघतात, निम्मा भरलेला दिसला की पाकीट उघडतं. शंभर रुपये देणाऱ्यालाही तशीच छापील पावती द्या. नामफलकावर नावं रकमेच्या क्रमाने लावायची नाहीत, अकारविल्हे लावायची, आणि हे पहिल्या मोठ्या दात्याला पैसे घेण्याआधी सांगायचं. तो फलक खांबाच्या पायथ्याशी, काळ्या ग्रॅनाइटवर कोरलेला. रंगवलेली अक्षरं दोन पावसाळ्यांत जातात.

कंपनीचा सामाजिक निधी मिळणार असेल तर ज्या संस्थेमार्फत तो येणार तिची सीएसआर-१ नोंदणी (असा निधी घेण्यासाठी लागणारी) आहे का ते आधी पाहा, नाहीतर वर्ष फुकट जातं.

कधी मागायचं

कोकणात पैशाला ऋतू असतो. गणपतीत चाकरमानी गावात असतो, पण त्याचा खिसा तेव्हा रिकामा होत असतो आणि मंडळाची वर्गणी वेगळी. म्हणून गणपतीत घोषणा करा, ती प्लायवूडची तबकडी सभामंडपाशी उभी करा, आकडे वहीत लिहून घ्या. वसुली दिवाळीनंतर, मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाच्या सभेत. लालबाग-परळ असो की विरार-नालासोपारा, त्या सभेला गावातून दोन माणसांनी दरपत्रकं आणि नकाशा घेऊन स्वतः जायचं. व्हॉट्सॲपवर पाठवलेलं आवाहन वाचलं जातं, पैसे समोरच्या माणसाला दिले जातात.

मच्छीमारांकडे जून-जुलैत जाऊ नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरल्या, दोन-तीन फेऱ्या बऱ्या झाल्या, की मग. शेतकऱ्याला लावणीत गाठू नका. आंबा बागायतदाराचा मोसम एप्रिल-मे, पण रोकड हातात येते ती वाशीच्या दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, आल्यावर. शिमग्याला पालखी घरोघर जाते तेव्हा पावतीपुस्तक पालखीबरोबर फिरवायचं नाही. देवाच्या ताटातले पैसे आणि घड्याळाचे पैसे एकदा मिसळले की वेगळे करता येत नाहीत, आणि संशयही येतो. सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावताराआधी पाच मिनिटं माइक मागून घ्या, तेवढी पुरतात.

या चक्रातून कामाचं वेळापत्रक आपोआप निघतं: भाद्रपदात घोषणा, दिवाळीनंतर वसुली, डिसेंबरात पाया, जानेवारीत घड्याळाची ऑर्डर, मार्च-एप्रिलमध्ये उभारणी. मे महिन्यात घाईने बसवलेलं घड्याळ पावसाआधी तपासायला वेळच उरत नाही.

यंत्र कोणतं घ्यावं

जुनं वजनाचं, लंबकाचं यंत्र कोणी देऊ केलं तर मोह आवरा. त्याला आठवड्याला चावी देणारा माणूस लागतो, आणि तो मिळाला तरी त्याची सुट्टी कोण भरणार?

थेट विजेवर चालणारं सिंक्रोनस मोटरचं घड्याळ स्वस्त पडतं. ते विजेच्या वारंवारतेवर वेळ मोजतं. ५० ऐवजी ४९.९ हर्ट्‌झ असा एवढासा फरक दिवसभर राहिला तर ते जवळजवळ तीन मिनिटं मागे पडतं. वीज गेली की थांबतं, आणि आली की थांबलं तिथूनच पुढे चालू लागतं. पावसाळ्यात दिवसातून चार वेळा वीज जाणाऱ्या गावात असं घड्याळ म्हणजे रोजची थट्टा.

घ्यायचं ते असं: प्रत्येक तबकडीमागे स्वतंत्र छोटं यंत्र, आणि खाली पेटीत एकच मुख्य नियंत्रक, जो दर मिनिटाला किंवा अर्ध्या मिनिटाला सगळ्या यंत्रांना विजेचा ठोका देतो. नियंत्रकाला जीपीएसचा अँटेना हवा, म्हणजे वेळ उपग्रहावरून आपोआप बरोबर होते. अँटेना बिघडला तरी आतलं क्वार्ट्‌झ घड्याळ चांगल्या प्रतीचं, म्हणजे दहा लाखांत दोन भाग इतक्या चुकीचं असेल तर वर्षाला फार तर मिनिटभर फरक पडेल. दरपत्रक मागताना हे प्रश्न लेखी विचारा: वीज गेल्यावर काटे बॅटरीवर चालतात की थांबून नंतर पळत वेळ गाठतात? एका तबकडीचं यंत्र बिघडलं तर बाकीच्या तीन चालू राहतात का? सुटे यंत्र आणि नियंत्रकाचा बोर्ड किती वर्षं मिळेल? एक सुटं यंत्र ऑर्डरमध्येच घ्या. चार तोंडांवर चार वेगवेगळ्या वेळा दिसण्यापेक्षा एक तोंड झाकून ठेवलेलं परवडलं.

बॅटरीचा हिशोब सोपा आहे. नियंत्रक आणि चार यंत्रं मिळून समजा ५ वॅट घेतात. १२ व्होल्ट ४२ अँपिअर-अवर बॅटरीत ५०४ वॅट-तास असतात. शिशाची बॅटरी निम्म्याहून खाली उतरवू नये, म्हणजे २५० वॅट-तास, म्हणजे पन्नास तास. दोन दिवस झाले. पण जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, म्हणून सोबत ७५ वॅटचं सौर पॅनेल जोडा. ढगाळ दिवसातही ते रोजचे १२० वॅट-तास भरून काढण्याच्या आसपास पोचतं. तबकडीचे दिवे बॅटरीवर टाकायचे नाहीत, ते विजेवरच. चार तबकड्यांना दहा-दहा वॅटचे एलईडी रात्रीचे बारा तास जळले तर महिन्याला साधारण पंधरा युनिट.

दर तासाचे ठोके हवेत, असा आग्रह धरणारे भेटतील. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे, आणि शाळा, इस्पितळ, न्यायालयाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. बाजारपेठेत यातलं एक तरी जवळ असतंच. आमचा सल्ला: ठोके नकोत. घ्यायचेच असतील तर रात्री आपोआप बंद होणारे, आवाज कमी करायची सोय असलेले.

खारा वारा, पाऊस आणि जांभा

घाटावरच्या गावात चाललेलं घड्याळ तसंच्या तसं इथे आणलं की फसतं. स्टेनलेस म्हणून येणारं साधं ३०४ ग्रेडचं पोलाद समुद्राजवळ तांबूस डाग धरतं. स्क्रू, बिजागऱ्या, कड्या ३१६ ग्रेडच्या मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या. काटे ॲल्युमिनियमचे, मागे तोलाचं वजन असलेले. ॲल्युमिनियमला पोलादी स्क्रू थेट लावला तर खारट ओलाव्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं, दोहोंमध्ये नायलॉनचा वॉशर हवाच. वॉशर दोन रुपयांचा असतो, काटा नंतर क्रेन लावून उतरवावा लागतो.

काटे उघडे ठेवायचे की काचेआड? या किनाऱ्यावर काचेआड. उघड्या काट्यावर कावळा बसतो, आणि मिनिटकाट्याच्या टोकावर कावळ्याचं वजन म्हणजे दातेरी चाकावर ताण. काच टफन केलेली, ६ ते ८ मिमी. स्वस्त ॲक्रिलिक उन्हाने पिवळं पडतं. पेटी पूर्ण हवाबंद करू नका. उन्हाने तापलेली आतली हवा पावसाच्या सरीने थंड होते आणि काचेवर आतून दव धरतं. तळाला दोन श्वासछिद्रं ठेवा, त्यांना बारीक पोलादी जाळी. जाळी नसेल तर कुंभारीण माशी मातीचं घर बांधून छिद्र बुजवते, आणि पाली-मुंग्या नियंत्रकाच्या पेटीत शिरतात. रिलेच्या (आतल्या विजेच्या स्विचच्या) टोकांत सापडलेली एक मुंगी घड्याळ थांबवू शकते.

वारा. निसर्ग वादळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. १२० च्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो. सव्वा मीटर बाजूची चौकोनी पेटी धरली तर शंभराहून जास्त किलोचा ढकल, तोही साडेसात मीटर उंच खांबाच्या टोकाला. पायाचा आकार आणि बोल्ट त्यावर ठरतात, गवंड्याच्या अंदाजावर नाही. संरचना अभियंत्याकडून आयएस ८७५ भाग ३ (वाऱ्याच्या भाराचं भारतीय मानक) प्रमाणे गणित करून सही-शिक्क्याचा नकाशा घ्या. ठराव आणि सीआरझेड, दोन्हींसाठी तो लागतोच.

काँक्रीट किनारी भागात किमान एम३० प्रतीचं आणि सळईवर ४५ मिमी आवरण. लाटांचे तुषार पोचत असतील तर एम३५ आणि ५० मिमी. वाळू खाडीची येते आहे का ते स्वतः पाहा. न धुतलेल्या खाऱ्या वाळूतलं मीठ सळई आतून गंजवतं आणि पाच-सात वर्षांत पायाला उभी चीर जाते. क्रशरची वाळू लिहून द्या. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या भिंतीवर घड्याळ लावत असाल तर अँकर बोल्ट थेट चिऱ्यात ठोकू नका. जांभा सच्छिद्र असतो, ड्रिलने भुसा निघतो आणि बोल्ट दोन पावसांत हलू लागतो. काँक्रीटचा पट्टा भिंतीत बांधून घ्या, किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागे पोलादी पाटी द्या.

अर्थिंगला जांभा वाईट. उन्हाळ्यात कोरड्या कातळात रोध इतका वाढतो की वीजरोधक नुसता शोभेचा उरतो. एका खड्ड्याऐवजी दोन-तीन, एकमेकांना जोडलेले, जमलं तर बोअरसारखे खोल. मोजणी मे महिन्यात करायची, पावसाळ्यात नाही, आणि वीजरोधकासाठी १० ओमच्या आत यायला हवी. पुरवठ्यावर आणि जीपीएसच्या केबलवर, दोन्हीकडे सर्ज प्रोटेक्टर. वीज अंगावर पडावी लागत नाही, अर्ध्या किलोमीटरवर पडली तरी तारेतून आलेला झटका नियंत्रक जाळतो.

पूर येणाऱ्या गावात नियंत्रकाची पेटी पुराच्या रेषेच्या वर. चिपळूणला २२ जुलै २०२१ ची रेष भिंतींवर पाहणाऱ्यांना हे सांगावं लागणार नाही.

आणि एक नेहमीची चूक: वायरमन सोयीची म्हणून पथदिव्यांच्या तारेवरून जोडणी देतो. ती तार संध्याकाळी चालू होते आणि सकाळी बंद. दिवसभर घड्याळ बॅटरी खातं, रात्री पुरेशी भरत नाही, आणि महिन्याभरात दुपारी बंद पडू लागतं. सगळे यंत्राला दोष देतात. चोवीस तासांची वेगळी जोडणी आणि वेगळा मीटर घ्या.

बसवताना

खांबावर चढवण्याआधी चारही तबकड्या जमिनीवर, शाळेच्या वर्गात वगैरे, सलग ७२ तास चालवा. मधे सहा तास वीज बंद करा, परत चालू करा, चारही तोंडं जुळतात का बघा. वर चढवल्यावर सगळे काटे हाताने नेमके बारावर आणून मगच नियंत्रक चालू करायचा. साध्या प्रतीच्या यंत्राला आपला काटा कुठे आहे हे कळत नाही, ते फक्त विजेचे ठोके मोजतं, म्हणून सुरुवात एका मिनिटाने चुकली तर ती चूक कायमची.

नवा जीपीएस पहिल्यांदा चालू केल्यावर पंधरा मिनिटं थांबा. उपग्रहाचा पूर्ण संदेश यायला साडेबारा मिनिटं लागतात, तोवर काही सेकंदांचा फरक दिसू शकतो. पडताळणी मोबाइलच्या वेळेशी करा. गावातला एखादा जाणकार मात्र दुपारी काठी रोवून सावली मोजेल आणि घड्याळ पुढे आहे म्हणेल. सूर्याच्या हिशोबाने त्याचं बरोबरच आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, रत्नागिरी ७३.३ वर, म्हणजे सरासरी ३७ मिनिटांचं अंतर. मुंबईने तर आपली वेगळी ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

पैसे टप्प्याने द्या: ऑर्डरबरोबर ४० टक्के, ७२ तासांच्या चाचणीनंतर ३०, उभारणीनंतर २०, आणि उरलेले १० टक्के पहिला पावसाळा काढल्यावर, ३१ ऑक्टोबरला. पुरवठादार कुरकुरतील. तारीख करारात असेल तर ऑगस्टमध्ये आलेलं पाणी बघायला माणूस पाठवतात.

नंतरची वर्षं

नगरपंचायतीशी दोन पानी करारनामा करा: मालकी कोणाची, वीजबिल कोण भरणार, किल्ल्या कोणाकडे (दोन, वेगवेगळ्या घरांत), दुरुस्ती किती दिवसांत, आणि रस्तारुंदीत खांब हलवावा लागला तर खर्च कोणाचा. शेवटचं कलम लोक विसरतात, आणि महामार्गाच्या कामात तेच लागतं.

निगेची वही पेटीतच टांगा. मे महिन्यात: काचेचे गॅस्केट, श्वासछिद्रं, बोल्ट, अर्थिंगची मोजणी, बॅटरीचं व्होल्टेज. ऑक्टोबरात: काच गोड्या पाण्याने धुणे, बुरशी पुसणे, पॅनेलवरचा मिठाचा थर काढणे. जानेवारीत एकदा नुसती काच. शिशाची बॅटरी साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी बदलायची, बंद पडायची वाट न पाहता. हे काम एका माणसाला मानधनावर द्या. गावातला वायरमन उत्तम, हौशी कार्यकर्ता नाही, कारण हौस दुसऱ्या वर्षी संपते.

तरीही एक दिवस ते बंद पडेल. तेव्हा चुकीची वेळ दाखवत ठेवू नका. नियंत्रक बंद करून चारही तोंडं बारावर आणा आणि खांबावर पाटी लावा: कधी बंद पडलं, दोष काय, सुटा भाग कधी मागवला, कधी येणार. दर आठवड्याला पाटीवरची तारीख बदला. सुटं यंत्र कपाटात असेल तर ही पाटी दुसऱ्या दिवशीच उतरते.